धनत्रयोदशीच्या रात्रीचं कोरं पान

ऑनलाइन दुकान बंद पडलं की लगेच कळतं. पडद्यावर एरर येते, फोन वाजू लागतात, धावपळ सुरू होते. खालच्या घटनेत दुकान एक सेकंदही बंद पडलं नाही. मुख्य पान उघडत होतं, साड्यांचे फोटो दिसत होते, पैसे भरता येत होते. ज्या एका पानावर साऱ्या गिऱ्हाइकांना बोलावलं होतं, तेवढं पान कोरं होतं.

येवल्यातलं हे पैठणीचं दुकान आणि त्यातली माणसं कल्पित आहेत. कोणतं बटण दाबलं की काय होतं, हा भाग मात्र कल्पित नाही. ऑनलाइन दुकानं उभारून देणाऱ्या शॉपिफाय या सेवेवर दुकान चालवणाऱ्या कुणाच्याही वाट्याला हे टप्पे याच क्रमाने येऊ शकतात. पात्रं तीन आहेत: दुकानाची मालकीण, वेबसाइट सांभाळणारा तिचा भाचा आणि थीमचं, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींचं काम करणारा पुण्यातला डेव्हलपर. सेल धनत्रयोदशीच्या मध्यरात्री ००:०० ला उघडणार आहे. मोजणी तिथपर्यंतची.

१४ दिवस आधी, सकाळी ११:००

डेव्हलपर दुकानाच्या चालू थीमची प्रत काढतो. शॉपिफायवर एका वेळी एकच थीम ग्राहकाला दिसते. बाकीच्या लायब्ररीत पडून असतात आणि साध्या प्लॅनवर त्या सगळ्या मिळून २० पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. चालू थीमला धक्का न लावता प्रतीवर काम करायचं आणि झालं की प्रत पब्लिश करायची, ही या धंद्यातली रुळलेली आणि योग्य पद्धत. दिवाळीचे रंग, नवा हेडर, नवं मुख्य पान हे सगळं तो या प्रतीत करणार आहे. सवयीप्रमाणे तो चालू थीमची झिप फाइलही मागवतो. ती त्याच्या ईमेलवर येऊन पडते.

प्रतीत त्या क्षणापर्यंतचं सगळं आलं. इथून पुढे मूळ थीममध्ये कुणी काही केलं, तर ते प्रतीत आपोआप येणार नाही. डेव्हलपरला हे पक्कं ठाऊक आहे. पण ‘आजपासून चालू थीमला कुणी हात लावू नका’ हे वाक्य तो कुणालाच बोलत नाही. ते सांगायचं काम आपलं आहे, असं त्याला वाटत नाही.

१० दिवस आधी, दुपारी ३:००

भाचा पानं बनवायला बसतो. मावशीला तीन पानं हवी आहेत. पहिलं धनत्रयोदशीच्या ऑफरचं. दुसरं ‘हातमागाची पैठणी कशी ओळखावी’ या विषयावरचं. तिसरं परताव्याचं आणि तक्रारींचं.

दुसऱ्या पानावर मावशीचा विशेष जीव आहे. ग्राहक किंमत बघून मागे फिरतो, तो हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक त्याला कुणी समजावलेला नसतो म्हणून, हे तिला अनुभवाने कळलेलं आहे. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहा: वेलबुट्टी मागच्या बाजूनेही पुढच्यासारखीच नीट दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे लोंबताना दिसतात. असावली, मुनिया, बांगडीमोर, नारळी काठ या प्रत्येकाचा जवळून फोटो, खाली दोन ओळी, शेवटी सिल्क मार्क या शुद्ध रेशमाच्या खुणेची माहिती. असं पान तयार टेम्प्लेटमधून निघत नाही. ते मुद्दाम घडवावं लागतं.

भाचा आधी डेव्हलपरच्या प्रतीतच काम करायला जातो. तिथे नवं टेम्प्लेट बनवतो, त्याला ‘पैठणी’ नाव देतो. मग ॲडमिनमध्ये पेजेसच्या विभागात जाऊन पान तयार करतो आणि उजवीकडच्या यादीत आपलं टेम्प्लेट शोधतो. ते तिथे नाही. ही यादी फक्त चालू, म्हणजे पब्लिश केलेल्या थीममधली टेम्प्लेट दाखवते. ड्राफ्टमधलं टेम्प्लेट तिथे येतच नाही.

तो डेव्हलपरला मेसेज करतो, “दादा, माझं टेम्प्लेट यादीत दिसत नाही.”

उत्तर तासाभराने येतं, “लाइव्ह थीममध्ये बनव, मग दिसेल.”

उत्तर खरं आहे. प्रश्न कोणत्या कामासाठी विचारला जातोय, हे डेव्हलपर विचारत नाही. मुलगा काहीतरी शिकतोय, इतकंच त्याला वाटतं. भाचा ड्राफ्टमधलं टेम्प्लेट काढून टाकतो, तेच चालू थीममध्ये बनवतो. नाव यादीत येतं. काम पुढे सरकतं.

इथे थोडं थांबून यंत्रणा समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. शॉपिफायच्या पानाच्या नोंदीत मोजक्या गोष्टी असतात: शीर्षक, मजकुराची चौकट, वेब-पत्ता आणि कोणतं टेम्प्लेट वापरायचं त्याचं नाव. ही नोंद दुकानाची असते. थीम बदला, काढा, नवी आणा, नोंदीला काही होत नाही. टेम्प्लेट मात्र थीमच्या आतली फाइल आहे. पानावर कोणते सेक्शन, कोणत्या क्रमाने आणि त्या सेक्शनमध्ये काय लिहिलंय, हे सगळं त्या जेसॉन फाइलमध्ये साठवलं जातं. पान टेम्प्लेटला फक्त नावाने ओळखतं.

भाच्यासमोर आता मजकूर टाकायला दोन जागा आहेत. पानाच्या नोंदीतली चौकट साधी आहे: ठळक, तिरपं, यादी, फोटो, बस. दुसरीकडे ‘कस्टमाइझ’ म्हणून दिसणारा एडिटर देखणा आहे. सेक्शन जोडा, ओढून वर-खाली करा, फोटोशेजारी मजकूर लिहा, लगेच पडद्यावर दिसतं. कुणीही दुसरी जागा निवडेल. भाचाही निवडतो. पानाची चौकट कोरी ठेवतो आणि ती चौकट दाखवणारा सेक्शनच लपवून टाकतो, म्हणजे मध्ये रिकामी पट्टी दिसायला नको. प्रत्येक काठाला एक सेक्शन देत गेल्यावर २५ वर गाडी अडते, कारण एका टेम्प्लेटमध्ये त्याहून जास्त सेक्शन बसत नाहीत. तो काही सेक्शन एकत्र करतो. संध्याकाळपर्यंत पान इतकं सुरेख होतं की मावशी त्याची लिंक बहिणीला पाठवते.

ही देखणी सोय शॉपिफायवर पहिल्यापासून नव्हती. २००४ मध्ये ओटावात टोबियास ल्युट्के आणि त्यांच्या सोबत्यांनी स्नोबोर्ड विकणारं स्वतःचं ऑनलाइन दुकान काढलं. त्या दुकानासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधून २००६ मध्ये शॉपिफाय उभं राहिलं. पुढे सेक्शन आले, तेव्हाही ते मनासारखे जोडायची आणि हलवायची मुभा फक्त मुख्य पानावर होती. इतर पानांवर साध्या दुकानदाराकडे ती मजकुराची साधी चौकटच असे. २०२१ मध्ये ‘ऑनलाइन स्टोअर २.०’ आलं आणि हीच मुभा जवळपास सगळ्या पानांवर मिळाली. दुकानदाराला डेव्हलपरशिवाय पान सजवता येऊ लागलं. त्याच दिवसापासून दुकानाचा मजकूर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, थीमच्या फाइलींमध्ये राहायला गेला.

मांडवाला बांधलेलं तोरण मांडवाबरोबरच उतरतं. देव्हाऱ्यावर बांधलेलं घरात राहतं. भाच्याने तिन्ही पानांचा मजकूर मांडवाला बांधला आहे.

तिसऱ्या पानाच्या बाबतीत तर हे टाळता येण्यासारखं होतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याला परतावा आणि रिफंडच्या अटी, तसंच तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. आलेल्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. अशा मजकुरासाठी शॉपिफायच्या सेटिंग्जमध्ये पॉलिसीजचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यातला मजकूर थीममध्ये साठवला जात नाही. भाच्याला ती पानं रुक्ष वाटली. त्याने तक्रारीचं पानही सजवून, टेम्प्लेटमध्येच केलं.

३ दिवस आधी

जाहिराती तयार होतात. पार्सलमध्ये टाकायची कार्डं छापून येतात आणि त्यांच्यावरचा क्यूआर कोड पैठणीच्या पानाकडे नेतो. व्हॉट्सॲपवर जुन्या ग्राहकांना जायचा मेसेज लिहून ठेवला जातो. त्यात ऑफरच्या पानाची लिंक आहे. मुख्य पानाची लिंक मुद्दाम दिलेली नाही. ग्राहक थेट ऑफरवर उतरावा, अशी मावशीची इच्छा आहे आणि धंद्याच्या दृष्टीने ती बरोबर आहे.

तिन्ही ठिकाणचे पत्ते पानाच्या नोंदीचे आहेत. उद्या टेम्प्लेट नाहीसं झालं तरी पत्ता जिवंतच राहणार. म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असं सांगणारा ४०४ चा फलकही लागणार नाही. सावध करणारी शेवटची गोष्ट होती, तीही नाही.

६ तास आधी: वसुबारस, संध्याकाळी ६:००

डेव्हलपर प्रत पब्लिश करतो. जुनी थीम आपोआप लायब्ररीत जाते. त्याच्याकडे तपासणीची यादी आहे आणि तो ती प्रामाणिकपणे पाहतो. मुख्य पान ठीक. साड्यांची यादी ठीक. एका साडीचं पान ठीक. कार्टही ठीक. एक चाचणी ऑर्डर टाकून पैसे भरले, रद्द केले. मोबाइलवर पाहिलं, लॅपटॉपवर पाहिलं.

ती तीन पानं त्याच्या यादीत नाहीत, कारण त्याने प्रत काढली तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती. भाच्याने ती दहा दिवसांपूर्वी तपासली होती. त्यानंतर त्याने त्यांना हात लावलेला नाही, मग बिघडतील कशी? दोघांचंही चुकत नाही आणि दोघांच्या मधे ती तीन पानं पडतात.

संध्याकाळी ६ वाजून काही सेकंदांनी आत काय झालं ते असं. पानाच्या नोंदीला अजून ‘पैठणी’ हे टेम्प्लेटचं नाव आठवतं. नव्या थीममध्ये या नावाची फाइल नाही. अशा वेळी शॉपिफाय मूळ साधं टेम्प्लेट वापरतं, आणि ते शीर्षक आणि नोंदीतली मजकुराची चौकट दाखवतं. चौकट कोरी. म्हणून वर हेडर, खाली ‘हातमागाची पैठणी कशी ओळखावी’ हे शीर्षक, मग काहीच नाही, मग फूटर. कुठेही एरर नाही, ईमेल नाही, लाल खूण नाही. ग्राहकाला मोडकं पान दिसू नये म्हणून यंत्रणा जी सभ्यता पाळते, तिनेच बिघाड झाकला.

५ तास आधी, संध्याकाळी ७:००

सगळं नीट झालं म्हणून डेव्हलपर नव्या थीमची एक सुरक्षित प्रत काढायला जातो. रात्री काही बिघडलं तर हाताशी असावी, हा हेतू. पण लायब्ररी भरली आहे. २० थीम झाल्या. जागा करायची तर एखादी काढावी लागेल.

यादीत ‘कॉपी ऑफ’ने सुरू होणाऱ्या थीम आहेत, ‘दिवाळी फायनल’ आहे, ‘दिवाळी फायनल २’ आहे, गेल्या पाडव्याची एक आहे. ताजी उतरवलेली जुनी थीम सगळ्यांच्या वर बसली आहे. ती तर नव्या थीमने बदलली, आता तिचं काय काम, असा विचार करून तो तीच डिलीट करतो. शॉपिफाय एकदा विचारतं. तो हो म्हणतो. डिलीट केलेली थीम परत आणता येत नाही.

सुरक्षिततेसाठी प्रत हवी म्हणून त्याने सुटकेचा एकमेव दरवाजा बंद केला. क्षणापूर्वीपर्यंत दोन क्लिकमध्ये सगळं पूर्वपदावर आलं असतं.

३ तास आधी, रात्री ९:००

भाच्याच्या लक्षात येतं की प्रत काढल्यानंतर साइटच्या कोपऱ्यात लावलेलं व्हॉट्सॲपचं बटण गायब आहे.

“दादा, व्हॉट्सॲपचं बटण गेलं.”

“हो, थीम बदलली ना. ॲपची सेटिंग थीमबरोबर असते. नव्या थीममध्ये परत ऑन करावी लागते. थांब, करतो.”

दोन मिनिटांत बटण परत येतं. दोघंही समाधानाने फोन ठेवतात.

या रात्रीची सगळ्यात मोठी खूण हीच. थीमबरोबर असलेली एक गोष्ट नव्या थीममध्ये आली नाही, हे दोघांनी पाहिलं, कारण सांगितलं, ऐकलं, दुरुस्तही केलं. ‘मग थीमबरोबर आणखी काय काय होतं?’ हा पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. तीन तास हातात होते. मजकूर पुन्हा जमवता आला असता आणि फोटोही जागेवर होते. प्रश्न विचारला असता तर रात्रीचं जेवण उशिरा झालं असतं, त्यापलीकडे काही नाही.

४० मिनिटं आधी, रात्री ११:२०

मालकीण स्वतः एकदा बघून घ्यायचं ठरवते. फोनच्या ब्राउझरमध्ये ऑफरचं पान दुपारपासून उघडंच आहे. ती त्या टॅबवर जाते. ऑफर दिसते, साड्या दिसतात, रंग जुने आहेत एवढंच. डेव्हलपर रात्रीतून रंग बदलतोय, असं तिला कुणीतरी म्हटलेलं असतं. ती समाधानाने फोन चार्जिंगला लावते. जे दिसलं ते दुपारचं पान होतं. ते तिने पुन्हा लोड केलं नव्हतं.

००:००

मेसेज निघतात. जाहिराती सुरू होतात. पहिली काही माणसं लिंक दाबतात आणि ‘धनत्रयोदशी विशेष’ एवढं शीर्षक वाचतात. खाली पांढरं. काही जण खाली सरकवून पाहतात, फूटर लागतं, परत फिरतात. साइट चालू आहे का हे दर पाच मिनिटांनी तपासणारी सेवा दुकानाने लावली आहे. तिला पानाकडून २०० हा कोड मिळतो, म्हणजे सगळं व्यवस्थित. जाहिरातींच्या क्लिकचे पैसे नियमित कापले जात आहेत.

००:०९

व्हॉट्सॲपवर पहिली चौकशी: “ताई, ऑफर अजून लागली नाही का?”

मालकीण उत्तर देते, “लागली आहे, नेट बघा.” पाठोपाठ दुसरी येते, तिसरी येते. तिघींचंही नेट एकाच वेळी कसं खराब असेल?

००:३५

भाच्याने आपल्या फोनवर लिंक उघडली आहे. पान कोरं. दुसरं उघडतो, तेही कोरं. तिसरं, तेही. तो डेव्हलपरला उठवतो.

“एरर काय येतेय? ४०४?”

“काहीच येत नाही. पान उघडतं. आत काही नाही.”

“ॲडमिनमध्ये पान आहे?”

“आहे. शीर्षक आहे. मजकुराची चौकट रिकामी आहे. पण ती मी रिकामीच ठेवली होती.”

फोनवर काही क्षण दोघंही बोलत नाहीत. मग डेव्हलपर विचारतो, “मजकूर कुठे टाकला होतास?”

०१:२०

आता कारण दोघांना कळलं आहे. टेम्प्लेट जुन्या थीममध्ये होतं आणि जुनी थीम डिलीट झाली. ईमेलमधली झिप फाइल उघडून पाहतात. ती चौदा दिवसांपूर्वीची आहे, तिच्यात पानं नाहीत. गूगलच्या साठवलेल्या प्रतीतून मजकूर मिळेल का, असा विचार येतो, पण गूगलने ती सोय २०२४ मध्ये काढून टाकली. इंटरनेट आर्काइव्हवर दहा दिवसांच्या या पानांची नोंद नाही.

जाहिराती थांबवायचं मात्र अजून कुणाला सुचलेलं नाही.

०२:०५

भाचा मावशीला फोन करतो. “मावशी, तुझ्या फोनवर ते पान उघडं होतं ना? रिफ्रेश करू नकोस. काहीच दाबू नकोस. वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट काढ.”

ज्या टॅबने रात्री तिला फसवलं, त्याच टॅबमधून ऑफरचा पूर्ण मजकूर मिळतो. पैठणीच्या पानाचा मजकूर मावशीने दहा दिवसांपूर्वी व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत पाठवला होता. तो खाली खाली सरकवून शोधावा लागतो. तक्रारीच्या पानासाठी काही हाताशी नाही. ते नव्याने लिहावं लागेल.

फोटो मात्र सगळे सापडतात. सेक्शनमध्ये निवडलेले फोटो शॉपिफाय दुकानाच्या फाइल्स विभागात ठेवतं, थीममध्ये नाही. म्हणून थीम गेली तरी फोटो राहिले. एकाच पानाचे फोटो वाचले आणि शब्द गेले, याचं कारण दोन्ही ठेवायच्या जागा वेगळ्या होत्या.

०३:१५

ऑफरचं पान पुन्हा भरलेलं दिसतं. या वेळी मजकूर पानाच्या नोंदीतल्या साध्या चौकटीत आहे. ना फोटोशेजारी मजकूर, ना रंगीत पट्ट्या. शीर्षक, ऑफर, अटी, साड्यांच्या लिंक. ते कुरूप आहे आणि चालू आहे. जाहिराती आता कुठे थांबवल्या जातात, पान तपासून पुन्हा सुरू केल्या जातात. पैठणीचं पान उजाडेपर्यंत आणि तक्रारीचं पान दुपारपर्यंत उभं राहतं.

किती ऑर्डर हुकल्या, याचा आकडा कधीच मिळणार नाही. कार्टमध्ये साडी ठेवून गेलेला ग्राहक अहवालात दिसतो. कोरं पान पाहून गेलेला ग्राहक अहवालात फक्त ‘आला’ असा दिसतो. तो का गेला, हे त्यात कुठेही नोंदलेलं नसतं.

चूक नेमकी कुठली

दोष द्यायला त्या रात्रीचे तिघंही हाताशी आहेत, पण त्या रात्री फक्त परिणाम दिसला. नुकसान दहा दिवस आधी, दुपारी ठरलं होतं: टिकाऊ मजकूर बदलत्या थीमच्या फाइलीत ठेवला गेला तेव्हा. डिलीटच्या बटणाने फक्त परतीची वाट बंद केली.

हे एकट्या शॉपिफायचं नाही. वर्डप्रेसवरही पानाला नेमलेलं टेम्प्लेट नव्या थीममध्ये नसेल तर साधं टेम्प्लेट मुकाट्याने वापरलं जातं. टेम्प्लेटवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रणांचा स्वभाव हाच असतो, आणि तो चांगलाच आहे: ग्राहकासमोर मोडतोड दाखवायची नाही. म्हणून तपासणी माणसाने करायची असते.

दुसरी गोष्ट, कामाची वाटणी. डेव्हलपर थीम सांभाळतो आणि दुकानदार मजकूर सांभाळतो, असं आपण धरून चालतो. ही वाटणी खरी राहते ती मजकूर थीमच्या बाहेर असेल तोपर्यंत. एडिटर दुकानदाराच्या हातात आला, त्या दिवसापासून दुकानदारही थीम लिहू लागला. हे डेव्हलपरने दुकानदाराला सांगायला हवं. ते सांगायला पाच मिनिटं लागतात.

पुढच्या सणाआधी

मजकूर टाकायला बसण्याआधी एक प्रश्न विचारा: थीम बदलली तरी हे शब्द हवेत का? हवे असतील तर ते पानाच्या चौकटीत, किंवा मेटाफील्ड, मेटाऑब्जेक्ट या थीमबाहेरच्या नोंदींमध्ये ठेवा, आणि टेम्प्लेटमधला सेक्शन त्यांना जोडून द्या. सजावट टेम्प्लेटची, शब्द दुकानाचे. चार दिवसांच्या जाहिरातीची पट्टी तेवढी बेशक टेम्प्लेटमध्ये लिहा. परतावा आणि तक्रारींचा मजकूर सेटिंग्जमधल्या पॉलिसीजमध्येच ठेवा, कितीही रुक्ष दिसला तरी.

थीमची प्रत काढली की त्याच दिवशी सगळ्यांना कळवा, आणि त्यानंतर चालू थीममध्ये केलेला प्रत्येक बदल एका कागदावर लिहा. पब्लिश करण्याआधी, साध्या टेम्प्लेटवर नसलेल्या प्रत्येक पानाची यादी करा आणि नव्या थीमच्या प्रीव्ह्यूमध्ये ते एकेक उघडून पाहा. जाहिरातीत, मेसेजमध्ये आणि क्यूआर कोडमध्ये दिलेल्या लिंक सर्वांत आधी उघडा, त्याही नव्या खिडकीत.

उतरवलेल्या थीमच्या नावात तारीख घाला आणि महिनाभर ती काढू नका. जागा हवी असेल तर सगळ्यांत जुनी काढा. पब्लिश करण्याच्या दिवशीच चालू थीमची झिप मागवा, दोन आठवड्यांपूर्वीची कामाची नाही. जमत असेल तर थीम गिटहबला जोडा. मग ॲडमिनमध्ये केलेले बदलही तिथे तारखेसह नोंदले जातात आणि मागे जाता येतं.

आणि सेलच्या आदल्या संध्याकाळी थीम पब्लिश करू नका. आठवडाभर आधी करा. कोरं पान कुणालातरी दिसेलच, ते धनत्रयोदशीच्या गिऱ्हाइकाऐवजी आधी तुम्हालाच दिसू द्या.